दादरची रविवारची टेकन स्पर्धा: नियम चांगले, बैठकीची वेळ चुकीची

दादर स्थानकापासून चालत दहा मिनिटांवरच्या एका गेमिंग कॅफेत दर रविवारी दुपारी ‘टेकन 8’ या लढाईच्या व्हिडिओ गेमची (फायटिंग गेमची) स्पर्धा भरते आणि गेले तीन महिने मी तेथे नेमाने खेळते आहे. स्पर्धा दुहेरी बाद पद्धतीची, म्हणजे दोनदा हरल्यावरच बाद होण्याची, असल्याने शंभर रुपयांत नवख्यालाही निदान दोन लढती मिळतात. कंट्रोलर सुस्थितीत आहेत, एसी मात्र जेमतेम चालतो.

मला सर्वाधिक आवडला तो भिंतीवर चिकटवलेला नियमांचा कागद. तो कॅफेमालकाने नव्हे, खेळाडूंनीच लिहिला असून त्यावर वेगवेगळ्या शाईंतल्या दुरुस्त्या दिसतात. ‘न विचारता कोणाच्याही हातातला कंट्रोलर घेऊन शिकवू नये’ ही हिरव्या शाईतली ओळ एका मुलीच्या तक्रारीनंतर आली. नोंदणीत फक्त खेळातले नाव विचारतात. लिंगाचा रकाना नसल्यामुळे पारलिंगी खेळाडूला दारातच खुलासे द्यावे लागत नाहीत. रायट गेम्स या कंपनीने 2021 मध्ये आपल्या ‘व्हॅलोरंट’ या शूटिंग गेमसाठी ‘गेम चेंजर्स’ ही महिला आणि इतर उपेक्षित लिंगओळखीच्या खेळाडूंची स्वतंत्र स्पर्धामालिका सुरू केली, ती योग्यच होती. पण पंचवीस जणांच्या स्पर्धेतून मुली वेगळ्या काढल्या, तर आम्ही तिघीच एकमेकींशी खेळत बसू.

असे नियम आधीच ठरलेले हवेत, कारण फायटिंग गेमच्या जगाने त्यांच्या अभावाची किंमत मोजली आहे. 2012 मध्ये कॅपकॉम या गेम कंपनीच्या ‘क्रॉस असॉल्ट’ कार्यक्रमात स्वतःच्याच प्रशिक्षकाच्या लैंगिक शेरेबाजीनंतर एका खेळाडूने माघार घेतली, तर 2020 मध्ये आयोजकावरील गैरवर्तनाच्या आरोपांनंतर ‘इव्हो’ या फायटिंग गेमच्या मोठ्या वार्षिक सोहळ्याची ऑनलाइन स्पर्धा रद्द झाली.

माझी तक्रार एकच, पण मोठी आहे. नियम बदलण्याची बैठक अंतिम लढतीनंतर, रात्री दहाच्या सुमारास होते, आणि तोवर आम्ही तिघीही घरी निघालेल्या असतो. गेल्या महिन्यात तक्रारी ऐकणारी समिती निवडली गेली, तेव्हा मी लेडीज डब्यात होते; तिन्ही सदस्य मुलगे असल्याचे मला कुर्ला गेल्यावर मोबाईलवर कळले. मुलगे भले आहेत, पण उद्या एखादीला नको त्या स्पर्शाबद्दल बोलायचे असेल, तर ती या तिघांपुढे मोकळेपणाने बोलेल असे मला वाटत नाही.

बैठक पहिल्या लढतीआधी, दुपारी दोनला घ्यावी आणि समिती पुन्हा निवडावी, असा अर्ज आम्ही तिघींच्या सह्यांनिशी त्याच कागदाखाली चिकटवला आहे. त्यावर निर्णय होईपर्यंत माझ्याकडून पाचपैकी साडेतीन.