‘जेमतेम ३०० गोळ्या झाडलेली’ रायफल

अमेरिकेत लांब पल्ल्याच्या नेमबाजीकडे वळलेले मराठी लोक आता बरेच भेटतात. त्यांच्यासाठी हे लिहितोय, कारण झिजलेली रायफल ‘कमी वापरलेली’ म्हणून खपवण्याची ही लबाडी कागदपत्रांत पकडली जात नाही.

मी टेक्सासमध्ये असतो. (ग्रीन कार्ड आहे म्हणून बंदूक घेता येते. एच-वन-बीवर, शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद सोडले तर, येत नाही.) मला फिनलंडच्या साकोची टिका टी३एक्स टॅक ए१ हवी होती. टी३एक्सच्या सगळ्या रायफलींची ॲक्शन (काडतूस आत घेऊन झाडणारी यंत्रणा) मुळात एकच, मग ती शिकारीची हलकी असो की ॲल्युमिनियमच्या सांगाड्यातली ही जड. परराज्यातल्या एकाने जाहिरात दिली होती: ६.५ क्रीडमूर काडतुसाची, जेमतेम ३०० गोळ्या झाडलेली. सोबत टार्गेटचा फोटो, पाच गोळ्या अर्ध्या इंचात. किंमत नव्यापेक्षा थोडीच कमी, म्हणजे शंका यावी इतकी स्वस्तही नाही.

रायफल इथल्या परवानाधारक दुकानदाराकडे आली. बंदूक घेताना भरायचा सरकारी ४४७३ फॉर्म भरला, पार्श्वभूमी तपासली गेली. यात तपासतात ते घेणाऱ्याला. नळीत कोणी डोकावत नाही.

रेंजवर १०० यार्डांलाच गोळ्या दोन-अडीच इंच फाकल्या. दुर्बिणीचे स्क्रू आवळले, काडतुसं बदलली, मुरलेल्या नेमबाजाच्या हाती रायफल दिली. फरक शून्य. शेवटी गनस्मिथने बोअरस्कोप, म्हणजे नळी आतून बघायचा बारीक कॅमेरा, आत घातला. चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) पुढे, गोळीला फिरकी देणारे नळीतले आटे सुरू होतात तिथे, उन्हाळ्यात काळं रान तडकावं तशा भेगा, आणि आट्यांच्या कडा झिजून गेलेल्या. तापलेल्या वायूंनी हे होतं, पण ३०० गोळ्यांत नाही. ६.५ क्रीडमूरची नळी स्पर्धेच्या अचूकतेने साधारण २,००० ते ३,००० गोळ्या टिकते. ही तेवढं सगळं भोगून आली होती.

मग तो फोटो पुन्हा पाहिला. ६.५ची गोळी ०.२६४ इंचाची, आणि कागदावर भोक त्याहून किंचित लहानच पडतं. टार्गेटवरच्या एक इंची चौकोनांशी ताडलं तर भोकं ०.३० इंचाला टेकत होती. टार्गेट दुसऱ्याच रायफलीचं होतं! त्या माणसाने ठरवून फसवलं, याबद्दल तेव्हा मला शंका उरली नाही.

‘आहे तशी विकली’ एवढं उत्तर देऊन तो गप्प झाला. ॲपवरून गेलेले पैसे परत येत नाहीत. पोलिसांनी दिवाणी वाद म्हणून हात वर केले. एफबीआयच्या आयसी३कडे, म्हणजे ऑनलाइन गुन्ह्यांच्या तक्रार केंद्राकडे, तक्रार नोंदवली आहे.

गोळ्यांचा आकडा आणि परतीची मुदत विक्रेत्याकडून लेखी घ्या. नळी दुकानातच बघा, तीही ४४७३ भरण्याआधी. तोवर रायफल तुमच्या नावावर झालेली नसते, दुकानदार ती सरळ परत पाठवू शकतो. फोनला जोडायचा बोअरस्कोप ५०-६० डॉलरमध्ये मिळतो. आणि .३०० विन मॅगसारख्या जोरकस काडतुसाची जुनी रायफल घेत असाल तर नळी आणखी लवकर जाते; तिथे नव्या नळीचा खर्च भाव करतानाच धरा.