जुन्या नाशकातला खजिना-शोध : जिओकॅशिंग की चिठ्ठ्या?

सुट्टीत मुलांसाठी जुन्या नाशकात खजिना-शोध आखायचे मनात असेल, तर आज दोन पर्याय समोर येतात. अक्षांश-रेखांश मोबाईलमध्ये घालून लपवलेली डबी शोधायची, म्हणजे जिओकॅशिंग. नाहीतर एका चिठ्ठीवरून दुसरीकडे जायचे. आमच्या सोसायटीतील मुलांसाठी मी एका वर्षी पहिला आणि पुढच्या वर्षी दुसरा प्रकार करून पाहिला आहे, आणि पुढील मते तेवढ्याच अनुभवावर आधारलेली आहेत.

जिओकॅशिंगचे आकर्षण खरे आहे. नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक अमेरिकेने २ मे २००० रोजी काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी ऑरेगॉनमध्ये पहिला ‘कॅश’, म्हणजे शोधायची डबी, लपवला गेला. तेव्हापासून हा खेळ जगभर पसरला. एकदा डबी ठेवली की ती राहते, आणि पुण्याहून आलेला पाहुणाही कोणत्याही रविवारी तिचा शोध घेऊ शकतो. अधिकृत नोंद करायची झाल्यास मात्र दोन डब्यांमध्ये किमान १६१ मीटर अंतर, जागेच्या मालकाची परवानगी आणि नियमित देखभाल, हे सारे पाळावे लागते. सरकारवाडा, सराफ बाजार आणि भांडी बाजार एकमेकांना चिकटून असलेल्या भागात हा नियम फार अडचणीचा ठरतो. आम्ही घरगुती खेळ आखला असल्याने ती अट आम्हांला नव्हती. गर्दीच्या तीर्थस्थानी बेवारस डबी ठेवणे मला योग्य वाटले नाही, म्हणून प्रत्येक डबी पारदर्शक घेतली, तिच्यावर फोन नंबर लिहिला आणि शेजारच्या दुकानदाराला सांगून ठेवले.

माझा निर्णय झाला तो मात्र एका वेगळ्याच त्रासामुळे. तिवंध्याच्या बाजूला एका वाड्याच्या दगडी ओट्याखाली मी डबी ठेवली होती आणि पहाटे दोनदा जागेची नोंद घेतली होती. दोन्ही नोंदी एकमेकींशी जुळल्या नाहीत. प्रत्यक्ष खेळात मुलांच्या फोनवरचा निळा ठिपका वाडा ओलांडून पलीकडच्या बोळात जाऊन बसला. दोन्ही बाजूंना उंच भिंती असल्या की आकाशाची जेमतेम पट्टी दिसते, उपग्रहाचा संदेश भिंतींवर आपटून उशिरा पोचतो आणि फोन स्वतःची जागा चुकीची ठरवतो. मोकळ्या मैदानात दहा मीटरची चूक म्हणजे दहा-पंधरा पावले इकडे-तिकडे. जुन्या नाशकात तीच चूक म्हणजे दुसरी गल्ली आणि दुसऱ्याचे घर. त्या बोळातून या बोळात यायला आरपार वाट नसल्याने मुले मोठा वळसा घालून आली, पुन्हा ठिपका सरकला, आणि शेवटी ती एका अनोळखी अंगणातल्या तुळशीवृंदावनामागे हात घालून बघू लागली. आतून एक आजी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "कोण हवंय रे बाळांनो?" त्यांनी मुलांना पाणी दिले, रागावल्या नाहीत, पण कोणाच्या घराच्या खासगीपणात आपण मुलांना ढकलले, ही गोष्ट मला फार लागली. शिवाय त्या पाऊण तासात एकाही मुलाने मान वर करून वाड्यांच्या लाकडी कोरीवकामाकडे पाहिले नाही.

चिठ्ठ्यांच्या वर्षी मुलांचे डोळे फोनवर नव्हते. "नाशिककर पुराचे पाणी ज्याच्या अंगावरून मोजतात" एवढ्या ओळीवर ती धावत गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, दुतोंड्या मारुतीपाशी पोचली. "वसईच्या विजयाची आठवण सांगणारी" या शब्दांवरून नारोशंकराची घंटा सापडायला त्यांना वेळ लागला, कारण त्यासाठी घाटावरच्या एका काकांशी बोलावे लागले. काळाराम मंदिरासाठी मी फक्त २ मार्च १९३० ही तारीख दिली होती. ती मंदिरप्रवेश सत्याग्रहाची आहे हे एका मुलीने आपल्या आजोबांना फोन करून विचारले. तांबट लेनमध्ये चिठ्ठी एका कारागिराच्या हाती होती, आणि तांब्याच्या हंड्यावर ठोके कसे बसतात हे पाहिल्यावरच ती मिळायची.

चिठ्ठ्यांचा प्रकार कष्टाचा आहे, हे मान्य करायलाच हवे. कोडी रचण्यात माझ्या कितीतरी संध्याकाळी गेल्या, आणि तीच कोडी पुढच्या वर्षी चालत नाहीत, कारण मुलांना उत्तरे पाठ झालेली असतात. तपोवनाच्या बाजूला, पांडवलेण्यांच्या डोंगरावर किंवा मोठ्या माणसांच्या गटासाठी मी कदाचित आजही जिओकॅशिंगच सुचवीन. तिथे आभाळ मोकळे असते आणि ठिपका स्थिर राहतो. पण मेनरोडपासून गोदाकाठापर्यंतचा हा दाट भाग आणि दहा-बारा वर्षांची मुले असतील, तर माझ्या मते चिठ्ठ्या घेऊन निघावे. दुकाने उघडून गर्दी वाढण्याआधी घाटावरचे टप्पे उरकावेत, तांबट लेन त्यानंतर ठेवावी, आणि पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग सुरू असेल तर दुतोंड्या मारुतीची चिठ्ठी होळकर पुलावरूनच वाचायला द्यावी.