एमजीबीसाठी स्टेनलेस स्टीलचा एक्झॉस्ट: वर्षभराच्या वापरानंतर

माझ्या एमजीबीचा, म्हणजे जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचा, मागचा सायलेन्सर तिसऱ्यांदा खालून गंजून गेला, तेव्हा पुन्हा साध्या पोलादाचाच बसवावा की एक्झॉस्टचा, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या-सायलेन्सरांचा, सगळा संचच स्टेनलेस स्टीलचा घ्यावा, याचा निर्णय करणे भाग पडले. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. गाडी थोडेच अंतर चालवून बंद केली, की ती वाफ सायलेन्सरमध्ये थंड होते, पाणी साचून राहते आणि पत्रा आतून कुजत जातो. आपल्या जुन्या गाड्या हौसेपुरत्याच बाहेर निघत असल्यामुळे रोज लांब धावणाऱ्या गाडीपेक्षा त्यांचा सायलेन्सर लवकर जातो, हे मला उशिरा उमगले.

घेतलेल्या संचात डाउनपाइप (इंजिनाकडून खाली येणारी पहिली नळी), मधला व मागचा सायलेन्सर, क्लॅम्प आणि टांगण्याच्या पट्ट्या असे सगळे आले. विक्रेत्याने पोलाद ३०४ प्रतीचे असल्याचे सांगितले होते, म्हणून खोके उघडल्यावर पहिल्यांदा चुंबक लावून पाहिला. नळ्यांना आणि सायलेन्सरच्या पत्र्याला तो चिकटला नाही. स्वस्त संचांत वापरले जाणारे ४०९ प्रतीचे पोलाद चुंबकाला धरते आणि काही काळाने त्यावर तांबूस थर येतो, त्यामुळे ही साधी परीक्षा प्रत्येकाने करावी. वेल्डिंग बाहेरून एकसारखे होते. नळीच्या तोंडातून बोट फिरवले, तेव्हा आतही धातूचे थेंब लागले नाहीत.

या संचाबरोबर नळ्यांचा मॅनिफोल्डही (इंजिनाच्या तोंडांमधला धूर एकत्र करून डाउनपाइपमध्ये सोडणारा भाग) घ्यावा, असा विक्रेत्याचा आग्रह होता. तो मी मानला नाही, आणि या परीक्षणात ठामपणे सांगण्यासारखी गोष्ट हीच आहे. एमजीबीच्या १७९८ सीसी इंजिनाला सिलिंडर चार असले, तरी धूर बाहेर पडण्याची तोंडे तीनच आहेत. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरचे तोंड सामाईक आहे. हे ऐकायला अडचणीचे वाटते, पण प्रज्वलनाचा क्रम १-३-४-२ असल्यामुळे हे दोन सिलिंडर एकमेकांपासून क्रँकशाफ्टच्या पूर्ण एका फेऱ्याच्या अंतराने पेटतात आणि एकाचा धूर दुसऱ्याच्या आड येत नाही. मूळ बिडाच्या मॅनिफोल्डमध्ये पहिला व चौथा सिलिंडर एका वाटेने आणि मधले दोन दुसऱ्या वाटेने डाउनपाइपपर्यंत नेले आहेत. हा विचार मूळ अभियंत्यांनी इतका नीट केला आहे, की रस्त्यावर चालवण्याच्या गाडीत नळ्यांचा मॅनिफोल्ड लावून हाती फारसे लागत नाही. उलट या इंजिनात पेट्रोल व हवेचे मिश्रण करणारे दोन्ही एसयू बनावटीचे कार्ब्युरेटर एक्झॉस्टच्याच बाजूला, मॅनिफोल्डच्या वर बसतात. पातळ नळ्या बिडापेक्षा जास्त उष्णता बाहेर टाकतात, आणि गर्दीत अडकलेल्या गाडीत ती थेट पेट्रोलच्या वाट्याला येते. बीड निरोगी असेल, तर ते काढू नये.

बसवण्याचे काम मी आणि माझ्या मित्राने गाडी स्टँडवर चढवून केले. आदल्या रात्री जुन्या नटांवर गंज सोडवणारे तेल सोडून ठेवल्यामुळे एकही स्टड (ज्यावर नट बसतो तो आट्यांचा दांडा) तुटला नाही. नवे नट पितळेचेच वापरले, कारण ते स्टडवर जखडून बसत नाहीत. सगळे सांधे आधी सैल ठेवून पुढून मागे आवळत जायचे, हा नियम पाळला. तरीही मागची टांगण्याची पट्टी सुमारे दीड सेंटीमीटर बाजूला आली आणि टेलपाइप बंपरच्या आधाराला टेकू लागला. विक्रेत्याने पट्टी तापवून वाकवण्याचा सल्ला दिला, बदलून मात्र दिली नाही. एवढ्या चांगल्या घडणीच्या वस्तूत ही हयगय खटकते, कारण ३०४ प्रतीचे पोलाद तापल्यावर साध्या पोलादाच्या जवळजवळ दीडपट प्रसरण पावते आणि नळीला हलायला जागा नसेल, तर सारा ताण सांध्यांवर येतो. शेवटी पट्टी कापून योग्य जागी पुन्हा वेल्ड करून घेतली.

आवाजाविषयी मी समाधानी आहे. सायलेन्सर सरळ वाटेचे, म्हणजे छिद्रे पाडलेल्या नळीभोवती ध्वनिशोषक तंतू भरलेले आहेत. गाडी उभी असताना आवाज मूळच्यापेक्षा किंचित खर्जातला आणि थोडा धातूचा येतो. गिअर उतरवून वेग वाढवला, की तो मोकळा होतो आणि चढावर ऐकत राहावासा वाटतो. मात्र चौथ्या गिअरमध्ये इंजिनाच्या मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या आसपास एक सलग घुमणारा स्वर कॅबिनमध्ये भरतो. छत उघडे असताना तो जाणवत नाही, बंद असताना तासाभराने डोके जड होते. लांबच्या प्रवासाची आवड असलेल्यांनी याचा विचार आधी करावा.

शक्ती वाढेल, या अपेक्षेने हा संच घेऊ नये. मला वरच्या फेऱ्यांत इंजिन थोडे मोकळे वाटते, त्यापलीकडे काही नाही. बसवल्यानंतर स्पार्क प्लगचा रंग मात्र तपासावा. माझे प्लग फिकट पडले होते, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडत होते. दोन्ही कार्ब्युरेटरचे मिश्रण थोडे दाट केल्यावर ते पुन्हा बदामी झाले.

पहिल्या काही प्रवासांनंतर क्लॅम्प एकदा आवळावे लागले. त्यानंतर वर्षभरात एकाही सांध्यातून धूर गळलेला नाही. डाउनपाइपवर सोनेरी-निळसर छटा चढली आहे, आणि मागच्या सायलेन्सरच्या ज्या खालच्या शिवणीपाशी आधीचे तिन्ही सायलेन्सर गेले, तिथे अजून गंजाचा ठिपकाही नाही.