मसाल्यांच्या घरगुती उद्योगासाठी स्वतःची वेबसाइट: एक दिवाळी आणि एक उन्हाळा वापरल्यानंतर

सांगलीत आमचा मसाले आणि भाजण्यांचा घरगुती उद्योग आहे. कांदा-लसूण मसाला, गोडा मसाला, मेतकूट, थालिपिठाची भाजणी, दिवाळीआधी चकलीची भाजणी आणि उन्हाळ्यात वर्षाचं तिखट. सासूबाईंनी सुरू केला, आता व्यवहार मी बघते. गेल्या वर्षी गणपती झाल्यावर आम्ही स्वतःची वेबसाइट चालू केली. दिवाळीची गर्दी तिच्यावरून गेली, तिखटाचा हंगामही गेला. 'वेबसाइट करावी का, आणि करायची तर स्वतः करावी का' असं बचत गटातल्या आणि ओळखीतल्या बऱ्याच जणी विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

मत आधीच सांगते. नवीन गिऱ्हाईक मिळेल या आशेवर वेबसाइट करू नका. पण जुनं गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा मागवत असेल, माल कुरिअरने जात असेल आणि ऑर्डर लिहून घेण्यातच तुमचा दिवस संपत असेल, तर जरूर करा. आमच्याकडे या तिन्ही गोष्टी होत्या.

आधी सगळं व्हॉट्सअॅप बिझनेसवर चालायचं. कॅटलॉग होता, पण कॅटलॉग बघून ऑर्डर देणारे थोडे. बाकीच्यांचा मेसेज असा: 'ताई, मागच्या वेळचंच पाठवा, फक्त तिखट अर्धा किलो कमी करा.' मग मागच्या वेळी काय पाठवलं होतं ते चॅटमध्ये शोधायचं, आजचा भाव कळवायचा, पत्ता तोच आहे का विचारायचं, पिनकोड मागायचा, वजन करून कुरिअरचा खर्च सांगायचा, क्यूआर पाठवायचा, पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट आला की बँकेत खरंच जमा झालेत का ते बघायचं. दोन किलोच्या ऑर्डरला इतकी उस्तवार. एरवी जमतं, पण चकलीच्या भाजणीच्या दिवसांत एकीकडे भट्टीवर तांदूळ-डाळी भाजायला टाकलेल्या आणि दुसरीकडे हातात फोन, हे झेपत नव्हतं.

दुसरं कारण, आपला पत्ता आपल्या मालकीचा असावा. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप तिन्ही सुमारे सहा तास बंद पडले, तेव्हा ज्यांचा सगळा धंदा त्यावर होता त्यांचं दुकानच त्या रात्री दिसेनासं झालं. गुगलच्या बिझनेस प्रोफाइलसोबत छोट्या व्यावसायिकांना एक फुकट वेबसाइट मिळायची, ती सोय गुगलने मार्च २०२४ मध्ये बंद केली. पाकिटावर, कार्डावर छापलेला पत्ता दुसऱ्या कुणाच्या तरी निर्णयाने रद्द होऊ शकतो, हे यावरून पुरेसं स्पष्ट होतं. मोठ्या ऑनलाइन बाजारांवर माल टाकायचाही विचार केला होता. पण तिथे गिऱ्हाईक त्या बाजाराचं असतं. त्याचा नंबर आपल्या हाती राहत नाही, पुढच्या दिवाळीत त्याला 'नोंदणी सुरू झाली' असं कळवता येत नाही. आमचा धंदाच या कळवण्यावर चालतो.

मग तीन रस्ते होते. एक, कुणाकडून तरी करून घेणं. आम्हाला पंचवीस ते चाळीस हजारांपर्यंत भाव सांगितले गेले. त्यातल्या एकाने डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, स्वतःच्याच नावावर घेतो म्हटलं, तिथेच आम्ही उठलो. डोमेन म्हणजे सातबारा. तो दुसऱ्याच्या नावावर ठेवून वर कितीही छान घर बांधलं तरी उपयोग नाही. साइट कुणीही बनवून देवो, डोमेनचं खातं तुमच्या ईमेलवर आणि तुमच्या फोन नंबरवर असलंच पाहिजे.

दुसरा रस्ता शॉपिफायसारख्या तयार दुकानाचा. ते खरंच सोपं आहे, दोन दिवसांत दुकान उभं राहतं, अपडेट आणि सुरक्षा तेच बघतात. पण दरमहा भाडं, आणि बाहेरचा पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे स्वीकारणारी सेवा) लावला तर गेटवेच्या फीवर त्यांची वेगळी फी. आमचा धंदा वर्षातून दोनदा उसळतो आणि मधले महिने बेताचे जातात, त्यामुळे बारा महिने भाडं परवडत नव्हतं. ज्यांची विक्री वर्षभर सारखी आहे आणि घरात तांत्रिक बाजू बघणारं कुणी नाही, त्यांना मात्र मी तेच सुचवेन.

आम्ही तिसरा रस्ता धरला, वेबसाइट बनवायचं वर्डप्रेस आणि त्यावर दुकान चालवणारं वूकॉमर्स. वर्डप्रेस २००३ पासून आहे, फुकट आहे, आणि जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त वेबसाइट त्यावर चालतात, त्यामुळे अडलं तर सांगणारं कुणीतरी सापडतंच. पुतण्या इंजिनिअरिंगला आहे, मांडणी त्याने केली. फोटो, मजकूर, भाव आणि रोजचा कारभार माझ्याकडे. डोमेनचे वर्षाला सात-आठशे आणि होस्टिंगचे (साइट जिथे ठेवतात त्या जागेच्या भाड्याचे) चार-पाच हजार, एवढाच ठरावीक खर्च. होस्टिंग घेताना जाहिरातीतला महिन्याचा दर पाहू नका, नूतनीकरणाचा दर पाहा. जाहिरातीतला दर बहुधा तीन-चार वर्षांचे पैसे एकदम भरले तरच मिळतो आणि मुदत संपली की दुपटीच्या वर जातो. साइटवरची माहिती सुरक्षित ठेवणाऱ्या एसएसएल प्रमाणपत्रासाठी मात्र कुणी वेगळे पैसे मागितले तर देऊ नका. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं मोफत मिळतं आणि बहुतेक होस्टिंगवर आपोआप नवं होत राहतं.

सगळ्यात जास्त डोकं कुरिअरच्या दरात गेलं. व्हॉट्सअॅपवर आपण प्रत्येकीला वेगळा खर्च सांगू शकतो. साइटला तो आधीच शिकवावा लागतो. वूकॉमर्समध्ये विभाग पाडता येतात: सांगली-मिरज, उरलेला महाराष्ट्र आणि गोवा, बाकीचा भारत. प्रत्येक मालाचं वजन पाकिटासकट भरायचं. एवढ्यावर मसाल्यांचं जमलं. कुरडयांचं जमेना, कारण कुरिअरवाले नुसतं वजन धरत नाहीत, आकारमानही धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि साधारणपणे ५००० ने भागायचं. येणारा आकडा खऱ्या वजनापेक्षा मोठा असेल तर पैसे त्याचे. एक किलो कुरडया मोडू नयेत म्हणून ३० बाय ३० बाय २० च्या खोक्यात भरल्या, की १८,००० भागिले ५०००, म्हणजे ३.६ किलोचं भाडं. गिऱ्हाइकाला कुरडयांपेक्षा भाडंच जड व्हायचं. आता कुरडया साइटवर दिसतात, पण फक्त 'सांगलीत घरून नेण्यासाठी'. तिखट, मसाला आणि मेतकूट यांना ही अडचण नाही, दाबून भरलेली पाकिटं खोक्यात चपखल बसतात. तुमचा माल हलका आणि फुगीर असेल तर वेबसाइटचा निर्णय घ्यायच्या आधी हा भागाकार करून बघा. खेड्यापाड्यातल्या पिनकोडला काही खासगी कुरिअर जात नाहीत, तिथे आम्ही स्पीड पोस्ट ठेवलंय आणि ते व्यवस्थित पोचतं.

पैशांचं बोलायचं तर यूपीआयवरचा एमडीआर, म्हणजे दुकानदाराकडून घेतलं जाणारं शुल्क, १ जानेवारी २०२० पासून शून्य आहे, त्यामुळे फुकट काम होईल असं वाटतं. पण पेमेंट गेटवे स्वतःची फी घेतो. आमच्याकडून २ टक्के आणि त्या फीवर १८ टक्के जीएसटी जातो, म्हणजे हजाराच्या ऑर्डरवर २३ रुपये ६० पैसे. मला ते जड वाटत नाहीत. कारण स्क्रीनशॉट तपासायचं काम पूर्ण थांबलं. पैसे आले तरच ऑर्डर 'प्रोसेसिंग'मध्ये दिसते. गेटवे मंजूर व्हायला मात्र साइटवर परतावा, पाठवणी, अटी, गोपनीयता आणि संपर्क ही पानं आधी हवीत. २०२० च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांप्रमाणेही धंद्याचं नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव द्यावं लागतं, आणि तक्रार आली तर ४८ तासांत पोच. खाण्याचा माल असेल तर एफएसएसएआय या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी क्रमांक. आणि राज्याबाहेर मसाला विकायचा तर उलाढाल कितीही छोटी असली तरी जीएसटी नोंदणी लागते, हे सीएकडून आधी समजून घ्या. वेबसाइट झाली की बंगळूरची ऑर्डर येणारच.

साइट मराठीत ठेवायची यावर मी ठाम होते. आमचं गिऱ्हाईक मराठी आहे आणि 'भाजणी' या नावानेच ते भाजणी शोधतं. मराठी अक्षरांसाठी मुक्त हा फाँट घेतला, मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा आहे, मोफत आहे आणि मोबाइलवर जोडाक्षरं स्वच्छ दिसतात. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच करून घ्या: पानाचा पत्ता इंग्रजी अक्षरांत ठेवा. वर्डप्रेस मालाच्या मराठी नावावरून मराठीच पत्ता तयार करतं. ब्राउझरमध्ये तो सुरेख दिसतो, पण कॉपी करून व्हॉट्सअॅपवर चिकटवला की त्याची टक्क्यांची चिन्हं आणि आकड्यांची माळ होते. देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला नऊ जागा लागतात. नुसत्या 'आंबा' शब्दाच्या ३६ होतात. वर्डप्रेस पत्त्याचा तो भाग २०० जागांवर तोडतं, म्हणजे वीस-बावीस मराठी चिन्हांतच तो संपतो. शिवाय असली लिंक पाहून वयस्क गिऱ्हाइकं बिचकतात, फसवणुकीची आहे की काय म्हणून उघडतच नाहीत, आणि आजच्या काळात त्यांचं ते बरोबरच आहे. नाव, वर्णन, बटणं सगळं मराठी ठेवा. पत्ता तेवढा इंग्रजी.

फोटोंचंही असंच. फोनवरचा फोटो तीन-चार एमबीचा असतो. तो तसाच चढवला तर गावाकडच्या नेटवर पान उघडेपर्यंत माणूस निघून जातं. आम्ही प्रत्येक फोटो वेबपी या हलक्या फाइल प्रकारात करून शंभर केबीच्या आत आणतो.

आता प्रत्यक्ष विक्री. साइटवरच्या बहुतेक ऑर्डर जुन्या गिऱ्हाइकांच्याच आहेत. गुगलवरून नवीन माणसं येतात, पण तुरळक, आणि तीही बरेच महिने गेल्यावर यायला लागली. ज्या सत्तरीच्या काकू फोन करायच्या त्या आजही फोनच करतात, आणि त्यांची ऑर्डर मी स्वतः साइटवर भरते. त्याने सगळा हिशेब एका जागी राहतो. खरा बदल त्यांच्या मुलामुलींमुळे झाला. मुलगी बंगळूरला, आई ठाण्यात; मुलगी रात्री अकराला ऑर्डर टाकते, पैसे तिच्या खात्यातून, माल आईच्या पत्त्यावर. अशा ऑर्डर आमच्या डोक्यातही नव्हत्या. त्या इतक्या यायला लागल्या की आम्ही 'पार्सलसोबत चिठ्ठी' असा रकाना जोडला. 'आई, या वर्षी भाजणी दळत बसू नकोस' असं कुणी लिहितं, आणि सासूबाई ते स्वतःच्या अक्षरात कागदावर उतरवून खोक्यात ठेवतात. परदेशातल्या मुलांना इथल्या घरी पाठवता यावं म्हणून परदेशी कार्डांसाठी गेटवेची वेगळी परवानगी घ्यावी लागली. दिवाळीआधी निदान महिनाभर तरी ती मागा.

तिखटाच्या हंगामात साइट आणखी उपयोगी पडली. ब्याडगी, संकेश्वरी, लवंगी, सगळ्यांचे भाव फेब्रुवारी-मार्चमध्ये हलत राहतात. पूर्वी जुना भाव धरून लोक पैसे पाठवून द्यायचे आणि मग संकोच दोन्हीकडून. आता एका जागी भाव बदलला की सगळीकडे तोच दिसतो. किती तिखट हवं यासाठी कमी, मध्यम, जहाल असे तीन पर्याय ठेवले आणि प्रत्येकात कोणती मिरची किती आहे ते लिहिलं. त्यावरचे फोन निम्म्यावर आले.

देखभाल आठवड्याला तासभर तरी लागते, यातून सुटका नाही. प्लगइन (साइटला जोडलेली छोटी सॉफ्टवेअर) अपडेट करायचे, बॅकअप होस्टिंगबाहेर, म्हणजे गुगल ड्राइव्हवर जातोय ना ते बघायचं, खोट्या ऑर्डर काढायच्या. प्लगइन जितके कमी तितकं बरं. हंगामाच्या तोंडावर अपडेट करायचं नाही हा आमचा नियम आहे. डोमेनच्या ऑटो-रिन्यूवर विसंबू नका. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे ई-मॅण्डेटचे, म्हणजे कार्डावरून आपोआप पैसे कापण्याचे, नियम कडक झाले, परदेशी कंपनीकडे आपल्या कार्डावरचं आपोआप पेमेंट बरेचदा अडकतं. आम्ही डोमेन तीन वर्षांसाठी भरून टाकलंय.

वेबसाइटने नवीन गिऱ्हाईक फारसं येत नाही, म्हणून ब्यूटी पार्लर, शिवणकाम, मेस किंवा गल्लीतल्या गिऱ्हाइकावर चालणारं दुकान असेल, तर वेबसाइटवर पैसे घालण्याआधी गुगल बिझनेस प्रोफाइल नीट भरा. वेळ, फोन, खरे फोटो आणि आलेल्या प्रत्येक अभिप्रायाला उत्तर. ते फुकट आहे आणि 'जवळचं' शोधणाऱ्याला आधी तेच दिसतं. माझ्या बहिणीचं ब्लाउज शिवण्याचं काम आहे, तिला मी वेबसाइट करू दिली नाही.

आमचा एक प्रश्न अजून सुटलेला नाही, तो साठ्याचा. घरी येऊन माल नेणारे आणि साइटवर मागवणारे एकाच साठ्यातून घेतात, आणि गर्दीत घरच्या विक्रीची नोंद साइटवर करायची राहते. या दिवाळीला चकलीच्या भाजणीचा साठाच दोन भागांत करणार आहोत. साइटचा वेगळा, घरचा वेगळा, आणि साइटची नोंदणी गणपती विसर्जनानंतरच्या सोमवारपासून.