आठ महिने एसएसडी, पाच महिने वाढीव रॅम आणि तीन आठवड्यांची रॅमडिस्क

माझा लॅपटॉप नऊ वर्षांचा आहे. काम पुस्तकांची पानं लावण्याचं, त्यामुळे दिवसभर पानं लावायचं सॉफ्टवेअर, फोटोचं सॉफ्टवेअर, पीडीएफ आणि ब्राउझर, सगळंच उघडं असतं. आठ महिन्यांपूर्वीपर्यंत सकाळी बटण दाबून मी सरळ आंघोळीला जायचे. परत यावं तरी डिस्कचा दिवा सलग पेटलेलाच. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के, आणि शेजारी वेग बघावा तर सेकंदाला जेमतेम एक एमबी. एवढीशी वाहतूक आणि डिस्क १०० टक्के कशी, हे कोडं मला बरेच दिवस सुटत नव्हतं.

ते १०० टक्के वेळेचे असतात, म्हणजे डिस्क सगळा वेळ गुंतलेली. माझी जुनी हार्ड डिस्क ५४०० आरपीएमची, म्हणजे आतली तबकडी मिनिटाला ५४०० फेऱ्या मारायची. सेकंदाला झाल्या ९०, म्हणजे एक फेरी ११ मिलिसेकंदांची. हेड, म्हणजे वाचणारं टोक, योग्य वर्तुळावर न्यायला दहाएक मिलिसेकंद, मग हवा तो भाग हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी. झाले १५. या हिशेबाने विखुरलेले तुकडे वाचायचे असतील तर सेकंदाला साठ-सत्तरच हाती लागतात, आणि तुकडा ४ केबीचा असला तर पाव एमबी. सलग पडलेली एक मोठी फाइल असेल तर हीच डिस्क सेकंदाला १०० एमबी देते. माझ्याकडे सातशेच्या वर फाँट आहेत. सॉफ्टवेअर उघडताना ते एकेक करून तपासतं. पडद्यावर फाँटांची नावं सरकताना दिसायची आणि आतून कर्र-कर्र आवाज यायचा, तो त्या हेडच्या हेलपाट्यांचा होता.

एसएसडी म्हणजे फिरणारी तबकडी नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क. घेतली ती २.५ इंची, साटाची (डिस्क जोडायची जुनी पद्धत), ५०० जीबी. एनव्हीएमई, म्हणजे पीसीआयई या जास्त वेगवान जोडणीवर चालणारी एसएसडी, घ्यायची फार इच्छा होती. पीसीआयईच्या तिसऱ्या पिढीवरही ती सेकंदाला ३५०० एमबीपर्यंत जाते आणि साटा ५५० च्या आसपास अडकते. लॅपटॉपात एम.२ चा स्लॉट आहे हे बघून मी खूशही झाले होते. पण एम.२ हे नुसतं आकाराचं नाव आहे. त्या स्लॉटमागे साटा आहे की पीसीआयई, हे मॉडेलची माहिती काढल्याशिवाय कळत नाही, आणि माझ्याकडे निघाली साटाच. आता मागे वळून बघते तेव्हा त्याचं फारसं दुःख वाटत नाही. हार्ड डिस्कला एक तुकडा आणायला १५ मिलिसेकंद लागत होते, तिथे साटा एसएसडीला एक दशांश मिलिसेकंदाच्या आसपास लागतो. मला जाणवणारा फरक तिथेच पडून गेला.

बदलायला तासभर लागला. पाठीमागचे अकरा स्क्रू काढूनही झाकण निघेना. आणखी दोन स्क्रू डीव्हीडी ड्राइव्हच्या खाली दडलेले होते. आत गेल्यावर आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवायचा. डिस्कची चपटी केबल नखाने, हळूच. सगळं परत बसवल्यावर एक स्क्रू उरला, तो अजून टेबलाच्या खणात आहे.

मोबाइलच्या स्टॉपवॉचवर आधी आणि नंतर मोजलं होतं. बटण दाबल्यापासून ब्राउझर खरोखर वापरता येईपर्यंत आधी साडेचार मिनिटं, आता २५ सेकंद. पानं लावायचं सॉफ्टवेअर पावणेदोन मिनिटांवरून १४ सेकंदांवर आलं. पण २४० पानांची पीडीएफ काढायला सहा मिनिटं लागायची, ती आता साडेपाच लागतात. ते काम प्रोसेसरचं आहे, डिस्क त्याला काय करणार! एसएसडी घातली की ‘लॅपटॉप नवा होतो’ असं म्हणणाऱ्यांनी एवढं तरी सांगावं.

तीन महिन्यांनी रॅमकडे, म्हणजे चालू काम ठेवणाऱ्या तात्पुरत्या मेमरीकडे, वळले, कारण सगळं झटपट उघडत असूनही मध्येच दोन-तीन सेकंद माउस गोठायचा. ४ जीबी रॅम आणि उघडलेल्या प्रोग्रामांची मागणी सात जीबीची. जागा कमी पडली की विंडोज रॅममधला मजकूर पेजफाइलमध्ये, म्हणजे एसएसडीवर, लिहून ठेवतं. एसएसडी वेगवान म्हणून हा त्रास झाकला गेला होता, इतकंच. एक तुकडा द्यायला रॅमला लागतात शंभरेक नॅनोसेकंद, एसएसडी तिच्यापुढे हजारपट मंद आहे. शिवाय एसएसडीची झीज होते ती वेगळी: स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःबद्दल ठेवते त्या नोंदींचे, आकडे बघितले तर पहिल्या तीन महिन्यांत साडेतीन टीबी लिहून झाले होते. वॉरंटी ३०० टीबी लिहून होईपर्यंतची, तेव्हा घाबरण्यासारखं काही नव्हतं, पण मी तर तेवढं काम केलं नव्हतं. चार जीबी मदरबोर्डवर सोल्डर केलेले आहेत. मोकळ्या स्लॉटमध्ये ८ घालून १२ केले. महिन्याला लिहिलं जाणारं एक टीबीच्या वरून पाव टीबीवर आलं आणि माउस गोठायचा थांबला.

त्यानंतर एक गोष्ट आपसूक झाली. सकाळी एकदा उघडलेलं सॉफ्टवेअर बंद करून दुपारी परत उघडलं तर १४ च्या जागी ६ सेकंद. विंडोज रिकाम्या रॅममध्ये वाचलेल्या फाइली ठेवून देतं, टास्क मॅनेजरमध्ये त्या ‘कॅश्ड’ म्हणून दिसतात. कुणा प्रोग्रामला जागा हवी झाली की मुकाट्याने सोडून देतं. ‘रॅम साफ करा’ म्हणणारी सॉफ्टवेअरं नेमकं हेच पुसून टाकतात, म्हणून ती मी काढून टाकली.

इथेच थांबायला हवं होतं. पण १२ जीबी बघून मला हाव सुटली आणि २ जीबीची रॅमडिस्क केली, म्हणजे रॅमचाच तुकडा कापून त्याला ड्राइव्हचं अक्षर द्यायचं. वेग मोजला तर सेकंदाला ६००० एमबी! स्क्रीनशॉट काढून मैत्रिणींना पाठवला. मग ब्राउझरची कॅश (परत लागतील म्हणून जवळ ठेवलेल्या फाइली) आणि प्रोग्रामांच्या तात्पुरत्या फाइलींचं टेंप फोल्डर, दोन्ही तिकडे हलवलं.

पहिल्या आठवड्यात एका सॉफ्टवेअरचं अपडेट अर्धवट राहिलं. त्याने टेंपमध्ये फाइली ठेवून रीस्टार्ट मागितला. रीस्टार्ट झाल्यावर रॅमडिस्क कोरी, कारण लॅपटॉप बंद झाला की रॅममधलं सगळं पुसलं जातं. दुसऱ्या आठवड्यात पीडीएफ निघता निघता २१२ व्या पानावर ‘जागा संपली’. तिसऱ्या आठवड्यात एका पुस्तकाची सूची लावत असताना लॅपटॉप पूर्ण अडकला आणि बटण दाबून बंद करावा लागला. एरवी पुन्हा उघडल्यावर सॉफ्टवेअर विचारतं, अर्धवट राहिलेलं परत आणू का? या वेळी काहीच विचारलं नाही. ज्या फाइलीतून ते परत आणतं, ती टेंपमध्येच असायची. दोन तासांची सूची गेली, आणि ती कुठे गेली हे मला दुसऱ्या कुणाला विचारायचंही नव्हतं. चूक माझीच.

बरं, त्या तीन आठवड्यांत काम पटपट झालं का, तर मला तरी फरक जाणवला नाही. ब्राउझरच्या ज्या फाइली मी हौसेने रॅममध्ये नेल्या, त्या नेहमीच्या वापरातल्या असल्याने विंडोजने आधीच रॅममध्ये ठेवलेल्या होत्या.

रॅमडिस्क काढली. (२००७ साली विंडोज व्हिस्टाबरोबर रेडीबूस्ट, म्हणजे पेनड्राइव्ह कॅश म्हणून वापरायची सोय, आली तेव्हाही मी पेनड्राइव्ह लावून अशीच बसले होते. मुख्य डिस्क एसएसडी असेल तर विंडोज ते लागूच करत नाही. इंटेलने २०१७ मध्ये हार्ड डिस्कपुढे कॅश म्हणून लावायला १६ आणि ३२ जीबीच्या ऑप्टेन पट्ट्या काढल्या होत्या. एसएसडी स्वस्त होत गेल्या आणि २०२२ मध्ये तो धंदाच त्यांनी आवरता घेतला.)

एसएसडीबद्दल एक तक्रार आहे. मागच्या महिन्यात चुकून एक फोल्डर कायमचं डिलीट केलं. जुन्या डिस्कवर असं झालं की रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरने बरंचसं परत मिळायचं. इथे नावं दिसली, आत सगळे शून्य. डिलीट केलेली जागा मोकळी झाली हे विंडोज ट्रिम नावाच्या आदेशाने एसएसडीला लगेच कळवतं, आणि एकदा कळवलं की जुना मजकूर वाचायला मिळत नाही. शिवाय हार्ड डिस्क बिघडायच्या आधी बऱ्याचदा आवाज बदलते. एसएसडी ही काही बोलणारी वस्तू नाही. म्हणून जुनी डिस्क यूएसबीच्या डबीत घातली आहे आणि दर शुक्रवारी संध्याकाळी आठवड्याचं काम एकच मोठी झिप करून तिच्यावर टाकते. सलग फाइल असल्यामुळे ती अजून सेकंदाला ९० एमबी देते, आणि आवाज थांबला की कॉपी झाली, हे स्वयंपाकघरातूनही कळतं.