धडपडीच्या कॉमेडीसाठी नट निवडायचे कसे: उतारा वाचून, खेळवून, की वडशाहून बोलावून?

पोळा झाला की आपल्याकडं नाट्यमंडळाच्या बैठकीत एकच विषय, यंदा मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेला, कोणतं नाटक आणि त्यात कोण कोण. कौटुंबिक नाटक असलं तर फार डोकं लावावं लागत नाही, आवाज खणखणीत असला आणि रडता आलं की काम भागते. पण ज्या मंडळानं यंदा पडापडी, धक्काबुक्की, थपडा, खाटेखाली लपालपी असलेली कॉमेडी घ्यायचं ठरवलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय, कारण तिथं माणूस चुकला तर हसू येत नाहीच, वरून कोणाचा तरी हात मोडतो.

रस्ते तीन. एकेकाला बोलावून उतारा वाचून घ्यायचा. किंवा सगळ्यांना एकाच वेळी बोलावून जोड्या पाडून खेळवायचं. नाहीतर निवडीच्या भानगडीत न पडता वडशाहून, म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातल्या नाटक कंपन्यांच्या गावाहून, तयार कॉमेडियन नाईटवर (एका रात्रीच्या पैशावर) आणायचा. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ मागवणं हा चौथा रस्ता मी धरत नाही, त्यात माणूस एकटाच दिसते आणि ही कॉमेडी एकट्याची नसतेच.

उतारा वाचून घ्यायची पद्धत जुनी आणि सोपी. समाजमंदिरात चार खुर्च्या टाकल्या, एका संध्याकाळी पंधरावीस जण बघून होतात. आवाज मागच्या रांगेपर्यंत जाते का, शब्द स्पष्ट आहेत का, हे सगळं कळते. लाजरा माणूस गर्दीत मागं राहते तो इथं मोकळा होतो, हा मोठा फायदा आहे. पण पाठांतर पारखायला ही पद्धत वापरत असाल तर आपल्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या धानाच्या मुलखात, प्रॉम्प्टर असतेच, त्यामुळं त्याला एवढं वजन देऊ नका. खरी अडचण म्हणजे इथं नेहमी मिमिक्रीवाला आणि चुटके सांगणारा पोरगा जिंकते. तो बोलून हसवते. स्टूल सरकलं, धोतर अडकलं, मागून फळी लागली, तेव्हा त्याचं अंग काय करते हे उताऱ्यातून कळायला मार्गच नाही.

वडशाचा कॉमेडियन आणायचा म्हणता तर त्याच्या कसबाबद्दल शंका घ्यायचं कारणच नाही. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांत ही मंडळी दिवाळीपासून होळीपर्यंत रात्र रात्र नाटकं करतात, याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. समोरची पब्लिक कधी पेंगायला लागली हे त्यांना विंगेतूनच समजते. पण एक तर सीझनमध्ये तारखा मिळत नाहीत, दुसरं म्हणजे तो येणार नाटकाच्या दिवशी, जेवण करून मेकअपला बसणार. बोलण्याची कॉमेडी असली तर तो कोणासोबतही निभावून नेते. पण आपल्या गावच्या पोरानं त्याला ढकलायचं आणि त्यानं टेबलावरून पलीकडं पडायचं असा प्रवेश असला तर दोघांनी तो आधी सोबत केलेलाच पाहिजे. तालमीला तीनचार दिवस आधी येतो म्हणणारा मिळाला तर जरूर घ्या, नाहीतर त्याला बोलण्याचाच रोल द्या.

माझा कल सरळ दुसऱ्या रस्त्याकडं आहे, खेळवून निवडायचं. त्याचं कारण सांगतो. स्टेजवरची थप्पड जो मारते त्याच्या हातात नसते, जो खाते त्याच्या हातात असते. मारणाऱ्याचा हात गालाजवळून निघून जाते, आवाज खाणारा स्वतःच्या हातानं, पब्लिकला दिसणार नाही असा काढते, मान तोच फिरवते, तोलही तोच सोडते. त्याआधी दोघांची नजरानजर झालीच पाहिजे, तोच इशारा. म्हणजे हसू पिकते ते मार खाणाऱ्याच्या जागी, आणि आपण ऑडिशनला नेमकं उलट करतो, जोरात धावणाऱ्या, ओरडणाऱ्या पोट्ट्याकडं बघत बसतो. चार्ली चॅप्लिन १९०८ साली फ्रेड कार्नोच्या इंग्लंडमधल्या कॉमेडी कंपनीत गेला, लॉरेल-हार्डी जोडीतला स्टॅन लॉरेलही त्याच कंपनीतला. एवढे मोठे एकेकटे नाव कमावणारे लोक, पण तयार झाले ते ताफ्यात.

आता प्रत्यक्ष कसं करायचं. शाळेचं मैदान किंवा घराचं अंगण घ्या, खाली तणस पसरून वरून ताडपत्री टाका. सुरुवातीलाच प्रत्येकाला बाजूला घेऊन विचारा, कंबर, गुडघा, खांदा, बीपी, जुनं फ्रॅक्चर काही आहे का, चारचौघात कोणी सांगत नाही. पहिल्या दिवशी उंचावरून पडायला लावू नका. उकिडवं बसून बाजूला लोळणं एवढं पुरे, हनुवटी छातीला लावायची आणि तळहात टेकवून वजन अडवायचं नाही, मनगट असंच जाते.

मग दोघांना एक खाट द्या आणि अरुंद दारातून आत न्यायला सांगा, बोलायचं नाही. फक्त एवढंच. एकदा एका जोडीतला पुढचा दणादणा ओढत होता, चेहरे करत होता, बघणारे हसतही होते. मागचा पोरगा काहीच करत नव्हता, खाट चौकटीला अडकली की थांबायचा, चौकटीकडं बघायचा, मग खाटेकडं, मग पुढच्याच्या पाठीकडं, आणि पाय बदलायचा. हळूहळू सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडं गेल्या. "आता तेच परत करा" म्हटल्यावर पुढच्याला आपण काय केलं ते आठवेना, मागच्यानं थांबणं, बघणं, पाय बदलणं सगळं त्याच जागी केलं. हा माणूस पाहिजे. एकदा हसवणं पुष्कळांना जमते, पण प्रयोगाला तेच त्याच ठोक्यावर झालं नाही तर सोबतच्याला लागते.

ऑक्टोपॅडवाल्याला, म्हणजे इलेक्ट्रॉनिक ड्रमवर ठोके वाजवणाऱ्याला, ऑडिशनलाच बोलवा, हे मी प्रत्येक मंडळाला सांगतो. इटलीत १६व्या शतकापासून हार्लेक्विन या मुखवट्याच्या नाटकातल्या विनोदी नोकराच्या हातात दोन पातळ फळ्या जोडलेली काठी असायची, हळू मारली तरी फटकन आवाज यायचा. आपल्याकडं ते काम वाजवणारा करते. नट पडला आणि ठोका मागून आला तर मजा गेली. कोणता नट ठोक्याची वाट बघते आणि कोणता बघतच नाही हे वाजवणाऱ्याला दिग्दर्शकाच्या आधी कळते.

मुलींच्या बाबतीत जरा जास्त बोलतो कारण इथं मंडळं ढिलाई करतात. या कॉमेडीत ओढाताण, उचलणं, अंगावर पडणं असते, तर कोणत्या प्रवेशात कोण कुठं हात लावणार हे बोलावतानाच सांगा, आई किंवा बहीण सोबत आली तर बसायला खुर्ची द्या, आणि अंधार पडायच्या आत मोकळं करा. नको म्हटलं तर तो प्रवेश बदला, रोल काढून घेऊ नका. आणि बाईचं पात्र फक्त मार खायला किंवा लाजायला ठेवू नका बाप्पा, खाटेचं पुढचं टोक तिलाही धरू द्या.

या पद्धतीचा तोटा म्हणजे वेळ जातो. एका संध्याकाळी आठदहा जणांपेक्षा जास्त नीट बघून होत नाही आणि आवाज पारखायचा राहून जातो, म्हणून शेवटी उरलेल्यांकडून पानभर उतारा वाचून घ्याच. आधी अंग, मग आवाज. रोवणी आटोपलेली आणि धान कापणीला आलेलं नाही, असा पोळा ते दसऱ्याचा काळ याला बरा. कापणी लागली की दिवसभर वाकून थकलेल्या माणसाला संध्याकाळी पडायला लावणं बरोबर नाही.

मंडळात माणसंच पाचसहा असतील तर ऑडिशनचं नाव काढू नका, सरळ सगळ्यांना घेऊन खाटेचा खेळ करा आणि त्यातून रोल वाटा. आणि एका रोलसाठी दोघं सारखेच वाटले तर त्यांनाच एकमेकांसमोर उभं करा, आधी एकानं थप्पड खायची, मग दुसऱ्यानं. ज्याच्यासमोर समोरचा जास्त बिनधास्त हात फिरवते त्याला घ्या.