लिथियम, आठ महिन्यांनंतर: गोळी चोख, बोंब बल्बची

आधी बल्बचं, म्हणजे रक्त घेतात त्या छोट्या नळीचं झाकण बघा. रिव्ह्यू गोळीचा आहे, पण मागच्या आठवड्यात रक्तातल्या लिथियमच्या लेव्हलचा रिपोर्ट आला १.९ चा, म्हणून सुरुवात इथून. हात स्थिर, चाल नीट, जुलाब-उलटी काही नाही आणि कागदावर मात्र विषबाधा! हिरव्या झाकणाच्या बल्बमध्ये रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन घातलेलं असतं, आणि ते बहुतेकदा लिथियम हेपॅरिनच असतं. भाजीतलं मीठ चाखायचं आणि चमचा आधीच मिठात बुडवलेला, असा प्रकार. प्लेन बल्बमध्ये, म्हणजे ज्यात हेपॅरिन नसतं त्यात, पुन्हा रक्त दिलं तर ०.७. पैसे दोन्ही वेळा पेशंटचेच.

बायपोलरला, म्हणजे मूड टोकाचा वर-खाली होण्याच्या आजाराला, लिथियम कशासाठी देतात, हे वाचणाऱ्यांना माहीत असेलच. १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केडने ते वापरून दाखवलं. आजही मूडचे चढ-उतार रोखायला आणि आत्महत्येचा धोका कमी करायला त्याच्या तोडीची औषधं मोजकीच आहेत. गोळी स्वस्त आहे, खिसा कापतात त्या तपासण्या.

दुसरी बोंब वेळेची. लेव्हल शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी बघायची असते. गोळी रात्री साडेदहाला घेतली आणि कलेक्शनवाला सकाळी साडेसहाला दारात, म्हणजे झाले आठच तास. आकडा फुगतो, त्यावर डोस कमी होतो, आणि काही आठवड्यांत झोप उडून गाडी पुन्हा मेनियाकडे, म्हणजे मूडच्या वरच्या टोकाकडे. ‘फास्टिंग आहे ना?’ हा प्रश्न इथे गैरलागू, चहा-पोहे खुशाल खा. सकाळची गोळी असेल तर ती मात्र रक्त दिल्यावरच. साधारण ०.६ ते ०.८ मध्ये राहायचं. डोस बदलला की ५ ते ७ दिवस थांबून लेव्हल करायची, स्थिरावेपर्यंत दर आठवड्याला, मग पहिलं वर्षभर दर तीन महिन्यांनी. क्रिएटिनिन (किडनीसाठी), टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि कॅल्शियम सहा महिन्यांनी. यात काटकसर करू नका. थायरॉइड आणि किडनी गुपचूप बिघडतात.

पहिले दोन महिने मत असं होतं की तहान आणि रात्रीच्या बाथरूमच्या खेपा हाच सगळ्यात मोठा दोष. ते मत आता मागे. डॉक्टरांनी दोन वेळांचा डोस रात्री एकदाच करून दिल्यावर खेपा कमी झाल्या. मात्र एकूण गोळ्या तेवढ्याच असल्या तरी १२ तासांचा आकडा आता थोडा वर दिसतो, हे रिपोर्ट बघताना त्यांना आठवण करून द्या. तहानेला पाणीच प्या. सरबत आणि कोल्ड्रिंकवर भागवलंत की वजन वाढतं आणि शिव्या गोळीला बसतात. एसआर, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी चावायची किंवा कुटायची नाही.

मिठाचं प्रकरण कोणी नीट समजावत नाही. किडनी लिथियमलाही सोडियमसारखंच वागवते. अंगात मीठ कमी पडलं की ती सोडियम धरून ठेवते आणि त्यासोबत लिथियमही. त्यामुळे अचानक अळणी जेवण, निर्जळी उपवास, मे महिन्यातला घाम, जुलाब, यांतलं काहीही लेव्हल चढवू शकतं. रोजचा चार कप चहा एकदम सोडला तरी चढते, कारण चहातलं कॅफिन लिथियम बाहेर टाकायला मदत करत असतं. गुडघे दुखले म्हणून दुकानातून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक आणू नका, पॅरासिटामॉल चालतं. बीपीसाठी टेलमिसार्टन, रामिप्रिल किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड लिहून दिलं तर तिथल्या तिथे लिथियमचं नाव घ्या.

बोटांची बारीक थरथर चालण्यासारखी असते. हात जोरात हलायला लागले, जीभ जड झाली, तोल जायला लागला, उलट्या-जुलाब सुरू झाले, तर पुढची गोळी थांबवून थेट हॉस्पिटल. रिपोर्टची वाट बघायची नाही. वयस्कर माणसांत आकडा फार वर नसतानाही हे होतं.

‘आता बरं वाटतंय’ म्हणून गोळी एकदम सोडली तर आजार उसळून येतो. बंद करायचीच तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करत, किमान चार आठवड्यांत, शक्यतो तीन महिन्यांत. घरात पंधरा दिवसांच्या स्ट्रिप्स जास्तीच्या ठेवा.

गोळीला पाचपैकी चार. रक्त काढण्याच्या व्यवस्थेला दीड, आणि तोही कलेक्शनवाला वेळेवर येतो म्हणून, नको तितका वेळेवर. पुढच्या वेळी लॅबच्या फॉर्मवर पेनाने ठळक लिहायचं: शेवटची गोळी रात्री ९.३०, रक्त सकाळी ९.३०, प्लेन बल्ब.